त्रिकोण काय सांगतो, काय सांगत नाही

आपल्या घरात एका दिवसात किती वेष्टने येतात, याचा एकदा हिशेब करून पाहावा. सकाळी दुधाची पिशवी येते. मग बिस्किटाचा पुडा, तेलाचा पाउच, शाम्पूची पुडी, मुलांच्या वेफर्सचे पाकीट, पाण्याचा जार, गोळ्यांची पट्टी. शेती असेल तर गोठ्यातल्या फळीवर फवारणीच्या औषधाची बाटली असतेच. यातल्या बहुतेक वेष्टनांवर काही ना काही खूण छापलेली असते. कुठे बाणांचा त्रिकोण आणि त्यात आकडा, कुठे हिरवा ठिपका, कुठे फुली मारलेली कचरापेटी, तर कुठे रंगीत चौकोन. आपण किंमत पाहतो, फार तर मुदत संपण्याची तारीख पाहतो. आणि वेष्टन एक तर फेकून देतो किंवा धुऊन कामाला लावतो.

धुऊन कामाला लावणे हा आपला जुना आणि चांगला गुण आहे. आपल्या आयांनी आणि आज्यांनी एकही डबा वाया जाऊ दिला नाही. पण त्यांचे डबे पत्र्याचे होते, बरण्या काचेच्या किंवा चिनी मातीच्या होत्या. आज घरात प्लास्टिक आले, रसायने आली, आणि पिण्याची वस्तू व विषारी वस्तू एकसारख्याच बाटल्यांतून येऊ लागली. म्हणून दवाखान्यात हल्ली असे बोलणे कानावर येते : "डॉक्टरसाहेब, बाटलीच्या बुडाला त्रिकोण आहे, म्हणजे परत वापरायला चालते ना?" "पाच नंबरचं प्लास्टिक चांगलं म्हणतात, मग रंगाच्या बादलीत लोणचं घातलं तर?" "हिरव्या निशाणाचं औषध हाय साहेब, लई कडक नाही."

या तिन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. खूण दिसली की वस्तू निर्धोक, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात प्रत्येक खूण एकाच ठरावीक प्रश्नाचे उत्तर देते. तो प्रश्न कोणता, हे समजले तर खूण उपयोगी. न समजले तर ती फसवी ठरते. आज या खुणा कशा वाचाव्यात, ते पाहू.

बाणांचा त्रिकोण

एकमेकांमागे धावणाऱ्या तीन बाणांचा त्रिकोण १९७० साली अमेरिकेत जन्माला आला. त्या वर्षी तेथे पहिला वसुंधरा दिन साजरा झाला. त्या निमित्ताने कागदाची खोकी बनविणाऱ्या एका मोठ्या कंपनीने बोधचिन्हाची स्पर्धा ठेवली. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गॅरी अँडरसन या विद्यार्थ्याचे चिन्ह त्यात पहिले आले. वापरलेली वस्तू गोळा करावी, तिच्यापासून नवी बनवावी आणि ती पुन्हा वापरात यावी, असा त्या तीन बाणांचा अर्थ.

पुढे १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने या त्रिकोणात १ ते ७ आकडे घालण्याची पद्धत सुरू केली. हे आकडे आपल्यासारख्या ग्राहकांसाठी नव्हतेच. कचरा निवडणाऱ्या माणसाला कोणते प्लास्टिक कोणत्या ढिगात टाकायचे, ते कळावे म्हणून ते होते. आपल्या भारतीय मानक ब्यूरोनेही १९९८ च्या मानकात हीच पद्धत घेतली. बाणांमुळे लोकांचा गोंधळ होतो, हे लक्षात आल्यावर २०१३ साली अमेरिकेत मानक बदलले आणि बाणांच्या जागी साधा त्रिकोण आला. पण जुने साचे अजून चालू आहेत, त्यामुळे बाजारात दोन्ही खुणा दिसतात.

तेव्हा ही पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. त्रिकोणातला आकडा प्लास्टिकची जात सांगतो. ही बाटली पुन्हा वापरा, असे तो सांगत नाही. ती जुन्या प्लास्टिकपासून बनवली आहे, असेही सांगत नाही. आणि आपल्या गावात तिचे खरोखर पुनर्निर्माण होईल, याची हमी तर मुळीच देत नाही.

सात आकडे, सात जाती

१ – पेट. पाण्याच्या व थंड पेयांच्या पारदर्शक बाटल्या. या एकदाच वापरण्यासाठी असतात. गरम पाणी ओतले की त्या आकसतात. तोंड अरुंद असल्यामुळे आतून घासता येत नाहीत, आणि कडेला जमलेल्या बुळबुळीत थरात जंतू वाढतात. महिनोन् महिने तीच बाटली शाळेत नेणाऱ्या मुलाला रसायनापेक्षा जुलाबाचाच धोका अधिक.

२ – एचडीपीई. जाड, अपारदर्शक, टणक. शाम्पूच्या बाटल्या, फिनाईलचे कॅन, पाण्याचे निळे ड्रम आणि फवारणीच्या औषधाच्या कित्येक बाटल्याही याच जातीच्या.

३ – पीव्हीसी. पाइप, रेक्झीन, गोळ्यांच्या पट्टीची पारदर्शक बाजू. अन्न साठवायला वापरू नये आणि जाळू तर कधीच नये.

४ – एलडीपीई. मऊ, लवचिक. दुधाच्या पिशव्या आणि पातळ पिशव्या.

५ – पॉलिप्रॉपिलीन. जेवणाचे डबे, बाटल्यांची टोपणे, रंगाच्या बादल्या. उष्णता बऱ्यापैकी सोसते.

६ – पॉलिस्टायरीन. थर्माकोल आणि ठिसूळ पेले-चमचे. यात गरम पदार्थ घेऊ नयेत. महाराष्ट्रात थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर मार्च २०१८ च्या अधिसूचनेने बंदी आली. आपल्याकडच्या पळसाच्या पत्रावळीला आरोग्याच्या दृष्टीने काहीच कमी नव्हते, हे या निमित्ताने आठवावे.

७ – इतर सर्व. वेफर्सची चकचकीत अनेकपदरी पाकिटे येथे येतात आणि पॉलिकार्बोनेटचे टणक पारदर्शक जारही येथेच येतात. पॉलिकार्बोनेटमधून बिस्फेनॉल-ए नावाचे रसायन थोड्या प्रमाणात, विशेषतः उष्णतेने, बाहेर येऊ शकते. ते शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करते, म्हणून भारतीय मानक ब्यूरोने २०१५ साली बाळाच्या दुधाच्या बाटलीसाठी हे प्लास्टिक वापरण्यास मनाई केली. खरे तर बाळाला बाटली लावूच नये. वरचे दूध द्यावेच लागले, तर वाटी-चमचा सर्वांत चांगला. मोठ्यांसाठी एवढे पुरे की पाण्याचा जार उन्हात ठेवू नये आणि ओरखडे पडून धुरकट झालेला जार परत करावा.

डब्यावर पेला आणि काटा-चमचा अशी खूण दिसली, तर तो डबा अन्नासाठी बनवलेला आहे. पण ती खूणही डबा नवा असतानाचे सांगते. नंतर त्यात काय ठेवले गेले, ते तिला ठाऊक नसते.

निळा ड्रम आणि रंगाची बादली

लातूरकरांना एप्रिल २०१६ विसरता येणार नाही. मांजरा धरण कोरडे पडले आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. अशा दिवसांत ज्यात पाणी मावेल ती प्रत्येक वस्तू भांडे होते. तेव्हापासून मोठा ड्रम ही आपल्या भागात चैन राहिली नाही, गरज झाली. नांदेडच्या उंच वस्त्यांत, उदगीर-अहमदपूरच्या गल्ल्यांत, दारापुढे निळा ड्रम दिसतोच.

नवा ड्रम महाग, जुना स्वस्त. जुन्या बाजारात मिळणारा ड्रम कोठल्या कारखान्यातून आला आणि त्यात आधी काय होते, हे विकणाऱ्यालाही माहीत नसते. बुडाला २ हा आकडा असतो आणि घेणारा म्हणतो, चांगल्या जातीचे प्लास्टिक आहे. जात चांगली, हे खरे. पण त्या ड्रममधून आम्ल आले असेल, कापडाचा रंग आला असेल किंवा एखादे द्रावक आले असेल. अशी कित्येक रसायने प्लास्टिकच्या भिंतीत मुरतात आणि नंतर भरलेल्या पाण्यात हळूहळू उतरतात. निरम्याने दोनदा धुतले, वास गेला, म्हणजे रसायन गेले असे नाही. कित्येक विषांना वासच नसतो.

रंगाच्या बादलीचेही तसेच. वीस लिटरची बादली मजबूत, झाकणासह मिळते आणि बुडाला ५ असतो. पण ती रंगासाठी केलेली आहे, अन्नासाठी नव्हे. रंगात बुरशी रोखणारी द्रव्ये असतात. लोणच्यातले मीठ, आंबटपणा आणि तेल ही तिन्ही मिळून प्लास्टिकमधले द्रव्य ओढून घेण्यात पटाईत. त्या बादलीत माती उचलावी, झाडे लावावीत, फरशी पुसावी. लोणचे, ताक, पीठ आणि पिण्याचे पाणी त्यात नको. इंजिन ऑइलच्या पाच लिटरच्या कॅनमधून शेतात मजुरांसाठी पाणी नेण्याची पद्धतही बंद व्हायला हवी.

नियम सोपा आहे. आधी काय होते ते नक्की माहीत असेल आणि ते खाण्याचेच असेल, तरच डब्यात पुन्हा खाण्याचे ठेवावे. माहीत नसेल, तर ठेवू नये.

फवारणीच्या बाटलीवरचा चौकोन

आता सर्वांत महत्त्वाची खूण. कीटकनाशकाच्या प्रत्येक बाटलीवर आणि पुड्यावर टोकावर उभा केलेला चौकोन असतो. त्याचे आडवे दोन भाग, म्हणजे दोन त्रिकोण. वरच्यात इशारा आणि खालच्यात रंग. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार ही खूण सक्तीची आहे. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही विषाची तीव्रता कळावी, हा तिचा हेतू.

लाल म्हणजे अत्यंत विषारी; वर कवटी आणि हाडे असतात. पिवळा म्हणजे अतिशय विषारी. वर 'विष' हा इशारा असतो, कवटी नसते. निळा म्हणजे मध्यम विषारी, वर 'धोका'. हिरवा म्हणजे त्या मानाने कमी विषारी, वर 'सावधान'. ही प्रतवारी प्राण्यांवरील चाचणीवरून ठरते. ज्या मात्रेने निम्मे प्राणी दगावतात, ती मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५,००० पर्यंत निळा आणि त्यापुढे हिरवा.

येथे दोन गोष्टी समजून घ्याव्यात. पहिली : हिरवा रंग निर्धोकपणाचा नाही. हिरव्या त्रिकोणाचे औषधही विषच आहे, फक्त तुलनेने सौम्य. दुसरी : कवटी नाही म्हणून भीती नाही, असेही नाही. पॅराक्वॅट हे तणनाशक पिवळ्या त्रिकोणाचे आहे. त्याचा घोटभर अंशही पोटात गेला तर फुप्फुसे आणि मूत्रपिंडे निकामी होतात, आणि त्यावर उतारा नाही. शिवाय ही प्रतवारी एकदा पोटात किंवा कातडीवर गेलेल्या मात्रेची आहे. दिवसभर उघड्या अंगाने, वाऱ्याच्या दिशेचा विचार न करता, दोन-तीन औषधे एकत्र मिसळून फवारणाऱ्याचे काय होईल, हे त्रिकोणात लिहिलेले नाही.

ते आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्याने २०१७ च्या पावसाळ्यात पाहिले. माहूर-किनवटच्या पलीकडचाच तो मुलूख. कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन तेथे वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात न्यावे लागले.

रिकाम्या डब्याचे काय होऊ शकते, याचे दुःखद उदाहरण बिहारचे आहे. १६ जुलै २०१३ रोजी सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावच्या शाळेत दुपारचे जेवण जेवून २३ मुले मरण पावली. जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे लाल त्रिकोणाचे कीटकनाशक सापडले. तेल पूर्वी कीटकनाशक ठेवलेल्या डब्यात होते, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. त्या डब्याचे प्लास्टिक कोणत्या जातीचे होते, हा प्रश्न तेथे कोणाच्या उपयोगाचा नव्हता.

म्हणून रिकामी बाटली पाण्याने तीनदा खळखळून घ्यावी आणि ते पाणी पंपातच ओतून शेतात फवारावे. ओढ्यात किंवा विहिरीजवळ टाकू नये. मग बाटलीला भोके पाडून किंवा ती फोडून, कोणाच्याही हाती लागणार नाही अशा रीतीने, वस्ती आणि पाण्यापासून दूर पुरावी. रिकामी भांडी पुन्हा वापरली जाऊ नयेत म्हणून ती फोडून पुरावीत, असे नियमही सांगतात. तीनदा खळखळणे हे बाटली टाकण्यापूर्वीचे काम आहे. त्याने ती घरात वापरण्याजोगी होत नाही.

आणि एक विनंती. आपण सगळेच बोलताना याला 'औषध' म्हणतो. घरातले लहान मूल खोकल्याच्या बाटलीलाही औषध म्हणते. निदान मुलांसमोर तरी याला विष म्हणावे आणि ते कुलपात ठेवावे.

बाटली दवाखान्यात आणा

रात्री-अपरात्री वस्तीवरून रुग्ण येतो. नातेवाईक सांगतात, "फवारणीचं औषध पोटात गेलं." कोणते, ते कोणालाच माहीत नसते. अशा वेळी बाटलीवरची चिठ्ठी रुग्णाइतकीच महत्त्वाची असते. मोनोक्रोटोफॉसच्या गटातल्या विषावर अ‍ॅट्रोपिनचे इंजेक्शन लागते, आणि तेही तासन् तास, मोठ्या मात्रेने. दुसऱ्या गटातल्या विषावर त्याचा उपयोग नसतो. नाव कळले, तर पहिल्या तासातच योग्य उपचार सुरू होतात. बाळाची बुबुळे टाचणीच्या टोकाएवढी झाली, तोंडातून लाळ आणि अंगाला दरदरून घाम आला, तर आम्ही अंदाज बांधतो. पण अंदाज तो अंदाजच.

तेव्हा विषबाधेची शंका येताच एवढे करावे. अंगावरचे कपडे काढून कातडी साबण-पाण्याने धुवावी; धुणाऱ्याने हातात प्लास्टिकची पिशवी घालावी. रुग्णाला डाव्या कुशीवर निजवावे. ओकारी काढू नये. मिठाचे पाणी, तूप, दूध, लिंबाचे पाणी काहीही पाजू नये. रॉकेल किंवा आम्ल पोटात गेले असेल, तर ओकारीने ते फुप्फुसात जाते किंवा अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी आणि बाटली, पुडा, पत्रक, जे असेल ते पिशवीत घालून बरोबर आणावे. नांदेडला विष्णुपुरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. तिथेही पहिला प्रश्न हाच विचारला जाईल : काय घेतले?

हेच घरातल्या रॉकेल, थिनर, फिनाईल आणि संडासच्या अ‍ॅसिडलाही लागू आहे. सुटे अ‍ॅसिड थंड पेयाच्या बाटलीत घेऊन ठेवणे म्हणजे मुलासाठी सापळा लावणे होय. त्या बाटलीवरचे चित्र सरबताचे असते, आणि तहानलेले मूल चित्रावरच विश्वास ठेवते.

हिरव्या रंगाचा घोळ

कीटकनाशकाच्या हिरव्या त्रिकोणाप्रमाणे इतर हिरव्या खुणांचाही घोळ होतो. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका म्हणजे पदार्थ शाकाहारी. एवढेच. पदार्थ ताजा आहे, पौष्टिक आहे किंवा मधुमेही माणसाला चालतो, असे तो म्हणत नाही. वनस्पती तुपालाही हिरवा ठिपका आणि साखरेच्या गोळ्यांनाही हिरवाच. मांसाहारी पदार्थासाठी पूर्वी तपकिरी ठिपका असे. रंगांधळ्या माणसाला दोन ठिपक्यांतला फरक कळत नाही, म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी त्या जागी तपकिरी त्रिकोण आणला. म्हणजे आणखी एक त्रिकोण आला, आणि त्याचा पुनर्वापराशी काही संबंध नाही.

पर्यावरणाला कमी हानिकारक वस्तूंसाठी केंद्र सरकारने १९९१ साली 'इकोमार्क' ही खूण काढली. तिचे चित्र मातीच्या घड्याचे होते. मातीतून येतो, मातीत जातो आणि फुटला तरी कोणाला विषबाधा होत नाही. खूण मोठी बोलकी होती. पण फार थोड्या वस्तूंवर ती दिसली. सप्टेंबर २०२४ मध्ये या योजनेचे नवे नियम आले.

याउलट, कंपनीने स्वतःच काढलेले हिरवे पान, पृथ्वीचा गोळा किंवा 'निसर्गस्नेही' हे शब्द म्हणजे खूण नव्हे, जाहिरात. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा दाव्यांना पुरावा असलाच पाहिजे, अशा सूचना काढल्या. 'कंपोस्टेबल' पिशवीवर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक असावा लागतो. तो नसेल तर शब्दावर विसंबू नये. आणि क्रमांक असला, तरी ही पिशवी खतप्रकल्पातल्या ५०-६० अंशांच्या उष्णतेत विरघळते, अंगणातल्या उकिरड्यात सहसा विरघळत नाही. जनावराने खाल्ली तर तिचाही गोळा होऊ शकतो.

परदेशातून आलेल्या चॉकलेटच्या डब्यावर एकमेकांत गुंतलेल्या दोन बाणांचा गोल दिसतो. ही जर्मनीतली खूण. कंपनीने कचरा गोळा करण्याच्या योजनेत पैसे भरले आहेत, एवढाच तिचा अर्थ. आपल्या घंटागाडीशी तिचा काही करार नाही.

गरम चहा आणि वर्तमानपत्र

ज्या वेष्टनांवर कसलीच खूण नसते, त्यांचे काय? आपल्याकडे चहाचे पार्सल पातळ पिशवीत गाठ मारून देतात. त्या पिशवीवर ना आकडा, ना बनविणाऱ्याचे नाव, ना जाडी. ती कशाची आहे, हेच ठाऊक नाही, आणि त्यात आपण उकळता चहा ओततो. महाराष्ट्रात कॅरीबॅगवर २०१८ पासून बंदी आहे, तरी हे चालूच आहे. कागदी कपही पूर्ण कागदाचा नसतो. त्याला आतून प्लास्टिकचा पापुद्रा असतो. खरगपूरच्या आय.आय.टी.च्या संशोधकांना २०२० साली आढळले, की असा कप गरम द्रवाने भरून १५ मिनिटे ठेवला, तर १०० मिलिलिटरमध्ये प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरतात. या कणांचा शरीरावर दीर्घकाळात काय परिणाम होतो, याचा अभ्यास जगभर चालू आहे. तोवर घरून छोटी किटली किंवा स्टीलची बरणी न्यावी, यात कमीपणा नाही.

आणि भजी. वर्तमानपत्राच्या कागदात अन्न बांधायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी मनाई केली आहे. छपाईच्या शाईतली रसायने गरम तेलात लगेच उतरतात. हे सदर वाचून झाल्यावर याच कागदात भजी बांधून आणू नयेत, ही विनंती.

वापर संपल्यावर

चाकांची कचरापेटी आणि तिच्यावर फुली, ही खूण मोबाइल, चार्जर, बॅटरी आणि काही दिव्यांवर असते. ही वस्तू रोजच्या कचऱ्यात टाकू नका, असा तिचा अर्थ. कारण आत शिसे, पारा, कॅडमियम असू शकते. खेळण्यातला किंवा रिमोटमधला बटणासारखा चपटा सेल मुलाने गिळला, तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. शौचावाटे पडेल म्हणून वाट पाहू नये, लगेच रुग्णालय गाठावे.

प्लास्टिक जाळू नये. थंडीत शेकोटीत टायर आणि पिशव्या टाकतात, चूल पेटवायला पन्नी वापरतात. पीव्हीसी जळाले की हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू आणि डायऑक्सिनसारखी घातक द्रव्ये निघतात. दम्याच्या रुग्णाला त्या धुराने त्याच रात्री धाप लागते. बाकीच्यांच्या शरीरात ते साठत राहते.

मग टाकावे कोठे? त्रिकोणाचे खरे उत्तर आपल्या भंगारवाल्याकडे असते. तो १ आणि २ आनंदाने घेतो, ५ बहुधा घेतो, वेफर्सची पाकिटे घेत नाही. जे तो घेतो तेच आपल्या गावात खऱ्या अर्थाने पुन्हा वापरात जाते. बाकीचा त्रिकोण कागदावरचा. म्हणून सुका कचरा वेगळा, कोरडा आणि स्वच्छ ठेवावा. इन्सुलिनच्या सुया मात्र त्यात सुट्या टाकू नयेत. जाड बाटलीत टोपण घट्ट लावून, वर 'सुया' असे लिहून द्याव्यात. कचरा निवडणाऱ्या बाईच्या हाताला हातमोजे नसतात.

थोडक्यात सांगायचे तर वेष्टन हातात घेतल्यावर तीन प्रश्न विचारावेत. ही खूण कशाबद्दल बोलते : प्लास्टिकबद्दल, पदार्थाबद्दल की विषाबद्दल? ती कोणी दिली : सरकारी नियमाने की कंपनीच्या चित्रकाराने? आणि ज्या डब्यात मी आता पाणी भरणार आहे, त्यात आधी काय होते? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे वेष्टनावर मिळतील. तिसऱ्याचे उत्तर मिळाले नाही, तर तो डबा पिण्याच्या पाण्याजवळ ठेवू नये.